निळ्या रंगातली भेसळ

११ ऑगस्ट

आजपासून सगळं लिहून ठेवायचं ठरवलं आहे. रेल्वेत इंजिन चालवत होतो तेव्हा गाडी जरा अडखळली तरी लिहावं लागायचं. कुठे, कशामुळे, जबाबदार कोण. निवृत्त झालो, सवय सुटली, आणि लोकांनी त्याचा फायदा घेतला. तोंडी तक्रार करणाऱ्या म्हाताऱ्याला कोण विचारतो?

तर पहिली नोंद. महाल भागातला रंगांचा दुकानदार सुमंत रंगात भेसळ करतो.

परवा त्याच्या दुकानातून निळ्याची नवी ट्यूब आणली. पाण्यात सोडली तर रंग मेलेला. निळा कसला, काजळीच. कागदही पिवळट दिला आहे, जुना साठा खपवला असणार. आज दोन्ही घेऊन परत गेलो.

"काकाजी, माल तोच हाय," सुमंत म्हणाला. "मी काहून बदलीन?"

शेजारी कॉलेजातली एक मुलगी ब्रश निवडत होती. त्यानं कागदावर थेंब टाकून तिला दाखवला. "हा रंग कोणता, सांग बरं?"

"निळा आहे ना," ती म्हणाली, आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ते पाहणं माझ्या नजरेतून सुटलं नाही. दुकानदार आणि गिऱ्हाईक यांचं इतक्या लवकर एकमत होतं, तेव्हा ओळख जुनी असते.

दसरा ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आमच्या नात्यातल्या आणि दोस्तीतल्या प्रत्येक घरी माझ्या हातचं कार्ड जातं. विकतचं नाही. ज्याला पाठवायचं त्याच्या गावचं आभाळ काढतो, खाली त्याचं घर, घरावर निळा झेंडा. रनिंग रूममध्ये, म्हणजे ड्रायव्हरांच्या विश्रांतीच्या खोलीत, गाडीची वाट पाहत बसायचो तेव्हा आभाळं काढायची सवय लागली. वर्ध्याचं आभाळ वेगळं, आमल्याचं वेगळं. अर्ध्याहून जास्त कार्ड निळंच असतं. आता निळाच खोटा, तर कार्ड काय करायचं?

१४ ऑगस्ट

प्रीतीचा पुण्याहून फोन. आईनं काहीतरी कानात घातलेलं दिसतं.

"बाबा, एकदा डोळे दाखवून या ना."

डोळे! मीरा स्वयंपाकघरातून ऐकत होती. मी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "ज्या डोळ्यांच्या भरवशावर रात्रभर हजार माणसं मागच्या डब्यांत घोरत होती, ते डोळे दाखवायचे?" माझी नजर दर तपासणीत पहिल्या फटक्यात पास व्हायची. आजही लाल-हिरवा सिग्नल लांबून ओळखतो. कोणीही यावं आणि परीक्षा घ्यावी.

याच्या मुळाशी विक्रम आहे, मीराचा भाऊ. बुद्ध पौर्णिमेला त्याला कार्ड दिलं तर हसत म्हणाला, "भाऊजी, आभाळ जांभळं काढलं? वांगे लावले का वर?" सगळे हसले. मी तेव्हाच सांगितलं की माझा रंग चुकला असं पुन्हा कोणी म्हटलं, तर सगळे ब्रश नाग नदीत फेकीन आणि कागदाला हात लावणार नाही. विक्रमशी तेव्हापासून बोलत नाही. मीरा त्या दिवशी नुसती कार्डाकडे पाहत बसली होती. तेव्हाच ओळखायला हवं होतं की भावाची बाजू घेते आहे.

२३ ऑगस्ट

सुमंतच्या भेसळीवर उपाय सापडला. निळ्यात थोडा गुलाबी टाकायचा. मेलेला रंग उठून बसतो. पारशिवनीचं आभाळ झालं, अमरावतीचं झालं. हात अजून गेलेला नाही.

मीराचं मात्र काहीतरी चालू आहे. आजवर पाकिटात घालणं, पत्ता लिहिणं, पेटीत टाकणं, सगळं मीच करायचो. यंदा म्हणते, "तुमी बसा. पेटीत मी टाकते."

"काहून?"

"मले तिकडूनच जा लागते, गोपिकाच्या घरी."

गोपिकाबाई म्हणजे मागच्या गल्लीतल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. दुपारी दुपारी तिथे काय काम असतं? विचारलं तर म्हणाली, "गप्पा." चाळीस वर्षांच्या संसारात हिला दुपारच्या गप्पांची हौस कधी नव्हती.

आणखी एक. औषधाच्या डब्यातला कापूस संपला. मी मागच्याच आठवड्यात मोठं बंडल आणलं होतं. घरात कोणी पडलं नाही, खरचटलं नाही. विचारलं, तर ती भाजी निवडायला बसली.

रस्त्यावर नवे दिवे लावले आहेत. प्रत्येक दिव्याभोवती मोठं कडं दिसतं. निकृष्ट माल. तक्रार करावी लागेल.

३१ ऑगस्ट

जेवायला वाढताना मीराच्या नखांत काळं दिसलं.

"हे काय वं?"

"कढई घासली."

आज पोळ्या आणि दही होतं. कढई फळीवर कोरडी. मी उठून हात लावून पाहिली.

केसांना कलप लावते की काय, असं वाटलं. या वयात, माझ्यापासून लपवून! ती बाहेर बसली असताना मागून जाऊन नीट पाहिलं. केस पांढरेच आहेत, जरा पिवळटच. म्हणजे कलप नाही. मग काळं कशाचं?

६ सप्टेंबर

आज मागोमाग गेलो. लिहायलाही बरं वाटत नाही, पण गेलो. बायकोच्या मागे असं जावं लागेल हे कधी मनात आलं नव्हतं.

गोपिकाबाईंच्या खिडकीशी उभा राहिलो. आतून त्यांचा आवाज आला, "आनंदरावले समजलं त?"

मीरा म्हणाली, "नाही समजत वं त्यांना. मीच घाबरून राहिली उगाच."

नाही समजत! मी दार वाजवलं. आत धावपळ, कागदांची सळसळ. दार उघडलं तेव्हा टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं, त्याच्याखाली काहीतरी फुगलेलं. शेजारी काचेच्या पेल्यात काळं पाणी.

"हे काय आहे?"

"काढा हाय, भाऊ," गोपिकाबाई म्हणाल्या. "सर्दी झाली मले." आणि मास्तरीणबाईंनी माझ्यादेखत त्याचा एक घोट घेतला. तोंड असं वाकडं झालं की काय सांगू. मीरानं पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती, समजलं नाही.

घरी येताना मी पुढे चाललो, ती मागून.

विचार करून करून एकच अर्थ निघतो. माझी कार्डं पेटीत जातच नाहीत. हिला लाज वाटते माझ्या कार्डांची. भाऊ हसला ना! म्हणून ती गोपिकाबाईंकडे नेते आणि तिथे त्यांची विल्हेवाट लावते. सगळ्या नातलगांना वाटत असेल, आनंदराव विसरला.

९ सप्टेंबर

पुराव्याशिवाय बोलणार नाही. आज प्रत्येक कार्डावर आभाळाच्या कोपऱ्यात एक बगळा ठेवला. ठेवला म्हणजे तेवढा कागद कोराच सोडला, भोवतीनं रंग फिरवला. मान वाकडी, पाय मागे. तांदळाएवढा. मीराला दाखवला नाही. आता पाहू कोणाच्या घरी बगळा पोचतो.

पारशिवनीचं आणि अमरावतीचंही पुन्हा काढलं, बगळ्यासकट. आधीची दोन मीराकडे मागितली तर म्हणाली, "ते गेले ना पोस्टात." मग ही दुसरी कशाला घेतली, तेही काही न बोलता?

२१ सप्टेंबर

पारशिवनीला गेलो होतो, भाच्याकडे. प्रशिक तिथे शाळेत शिकवतो. बसस्थानकावर भलत्याच बसला हात केला, पाट्या आजकाल कशाही लिहितात. पोचायला दुपार झाली.

दारातूनच दिसलं. टीव्हीच्या वर माझं कार्ड. मनात म्हटलं, मीराबाई, मी तुमच्यावर उगाच संशय घेतला.

मग चष्मा लावून जवळ गेलो.

घर माझं. कडुनिंब माझा. झेंड्याची काठी माझ्याच हातची, तशी सरळ काठी कोणाला येत नाही. पण आभाळ माझं नाही! गुलाबी टाकून जिवंत केलेला माझा रंग गायब, आणि त्या जागी तोच सुमंतचा मेलेला काळपट निळा, तोही ठिगळाठिगळानं. झाडाच्या कडेला रंग पानांवर चढलेला. कोणीतरी नवशिक्या, हात कापणारा माणूस. आणि बगळा? बगळ्याची कोंबडी झाली होती! मान गेली, पाय गेले, नुसता एक जाडा पांढरा गोळा आभाळात.

"मामाजी, या साली आभाळ लय सुंदर निघालं," प्रशिक म्हणाला. "बिलकुल आपल्या गावासारखं."

त्याची बायको म्हणाली, "आणि ही कोंबडी किती गोड काढली मामाजीनं."

मी पाणीही न पिता उठणार होतो. प्रशिकनं बसवलं म्हणून बसलो. जेवलो कसा, माझं मला माहीत.

म्हणजे माझी कार्डं फेकत नाहीत. त्याहून वाईट. माझ्या आभाळावर दुसऱ्याचा हात फिरतो आहे.

२२ सप्टेंबर

सकाळी चहाच्या वेळी विचारलं. आवाज चढला, ते खरं आहे.

"माझे कार्ड कोणाकडून रंगवून घेऊन राहिली तू? नाव सांग."

मीरा उभी राहिली. हातातली बशी ओट्यावर ठेवली. "नाही सांगत."

"गोपिकाबाई का?"

"नाही."

"मग कोण? ज्याले ब्रश धरता येत नाही, अशा माणसाले माझं काम देते तू? कोंबडी काढून ठेवली त्यानं! आंधळा आहे का तो?"

तिचं तोंड एकदम उतरलं. म्हणाली, "जे केलं ते तुमच्यासाठीच केलं. याच्यावर मी एक शब्द बोलणार नाही. मारा, काढून द्या घरातून, बोलणार नाही."

मी आयुष्यात तिच्यावर हात उगारला नाही. असं ती कशी बोलू शकली?

उरलेली कार्डं माझ्या टेबलाच्या खणात टाकली. यंदा कोणालाच कार्ड जाणार नाही. तिला सांगितलंही नाही, कारण आता मी तिच्याशी बोलत नाही. माझं ताट मी वाढून घेतो.

२७ सप्टेंबर

काही काम नाही. सकाळपासून खुर्चीत बसून होतो. वर्तमानपत्राची शाईही आजकाल फिकट असते.

मीरा दोनदा दारापर्यंत आली आणि परत गेली.

२ ऑक्टोबर

दसरा. हे लिहायचं नव्हतं. पण मी लिहून ठेवणारा माणूस आहे.

सकाळपासून घर भरलेलं. दीक्षाभूमीवर जाऊन आलेली आमची माणसं दरवर्षी जेवायला इथेच येतात. प्रशिक सहकुटुंब आला. विक्रमही आला आणि वाकून पाया पडला. मी मान फिरवली. वंदना झाली. मग सगळे झेंडा लावायला गच्चीवर गेले. नवा झेंडा प्रशिकनं आणला होता. मी जरा मागून चढलो, पायऱ्यांवर अंधार असतो.

वर पोचलो तेव्हा झेंडा लागला होता. मी पाहिला आणि माझं डोकंच फिरलं.

"हा काळा झेंडा कोणी लावला?" मी ओरडलो. "आजच्या दिवशी? बाबासाहेबांच्या दिवशी माझ्या घरावर काळा झेंडा?"

सगळे वळून माझ्याकडे पाहायला लागले. लहान पोरंसुद्धा.

मी म्हटलं, "पाहून काय राहिले? उतरवा तो!"

कोणी हललं नाही. प्रशिक झेंड्याकडे पाहायचा, मग माझ्याकडे पाहायचा. त्याची बायको खाली पाहत होती. विक्रमकडे मी पाहिलं, कारण आता तो वांग्यासारखं काहीतरी बोलेल असं वाटलं. विक्रमच्या डोळ्यांत पाणी होतं.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मीरा गर्दीतून आली आणि सगळ्यांसमोर माझा हात धरला. आम्ही दहा दिवस बोललो नव्हतो. म्हणाली, "निळाच आहे जी तो. आपला निळाच आहे."

मी पुन्हा पाहिला. वारा होता, झेंडा नीट पसरला होता. मला काळाच दिसला.

विक्रम जवळ आला. "भाऊजी, उद्या माझ्यासोबत चला. एकदाच."

मी हो म्हटलं. इतक्या लोकांसमोर दुसरं काय म्हणणार होतो?

६ ऑक्टोबर

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, आणि चांगला पिकलेला. डॉक्टरीण प्रीतीच्या वयाची. तिनं सांगितलं की डोळ्यातलं भिंग तपकिरी झालं आहे, निळा आत पोचतच नाही. हे हळूहळू होतं म्हणून माणसाला स्वतःला कळत नाही. मी विचारलं, मशीन बरोबर आहे कशावरून? तिनं शांतपणे दुसऱ्या मशीनवर बसवलं. तिथेही तेच.

म्हणजे सुमंत खरा होता. ती कॉलेजातली मुलगीही. जाऊन सांगावं लागेल. जीभ वळणार नाही, पण सांगावं लागेल.

पण आभाळांचं काय? डोळ्यांमुळे बगळ्याची कोंबडी होत नसते. ते कोणी केलं, ते अजून कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. सोमवारी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन.

१६ ऑक्टोबर

लिहायला मनाई आहे. मोठ्या अक्षरात थोडं लिहितो.

परवा पट्टी निघाली. दवाखान्यात लगेच काळा चष्मा चढवला, तो रिक्षातही काढू दिला नाही. घरी आल्यावर मीरा चहा करायला आत गेली, तेव्हा चष्मा काढून खिडकीशी गेलो. डावा डोळा मिटला.

निळा! आभाळ इतकं निळं असतं हे मी किती दिवसांत पाहिलं नव्हतं? गोपिकाबाईंच्या गच्चीवरची साडी निळी, रस्त्यावरचा पाण्याचा ड्रम निळा, शेजारच्या घरावरचा झेंडा निळा. लहान पोरासारखं बोट दाखवून मोजावंसं वाटलं. मग उजवा मिटून डावा उघडला. सगळं चहात बुडवल्यासारखं.

आणि भिंत पाहिली. सप्टेंबरच्या सुरुवातीला मीरानं खोली झाडली होती, तेव्हा मी तिला म्हटलं होतं की भिंती पिवळ्या पडल्या, लक्ष नसतं तुझं. भिंती पांढऱ्या आहेत.

मग टेबलाचा खण उघडला. माझी आभाळं मला पाहायची होती. खण रिकामा. एकच कार्ड तळाशी राहिलं होतं, वर्ध्याचं. आभाळ जांभळं, गडद, ओलं वांगं. विक्रम खरं बोलला होता. बाकीची कार्डं कुठे गेली? पुन्हा डोकं तापलं. मी डोळ्यावर पट्टी बांधून पडलेलो असताना माझ्या खणाला हात लावायची हिंमत कोणाची झाली?

तेवढ्यात मीरा डोळ्यात थेंब टाकायला आली. "मान वर करा."

मी मान वर केली. तिचा हात माझ्या डोळ्यापाशी आला. इतक्या जवळून तिचा हात मी कधी पाहिला होता, आठवत नाही. बोटं जाड झाली आहेत, सांधे सुजलेले, बाटली धरताना अंगठा कापतो.

आणि नखांत निळं होतं.

काळं नाही. कढईचं नाही. ताजं, चांगलं, सुमंतच्या ट्यूबमधलं निळं, नखांच्या कडेनं भरलेलं.

ओल्या कापसानं रंग उचलता येतो, हे मीच तिला कधीतरी सांगितलं होतं. उचलायचा, सुकू द्यायचा, वर नवा हात द्यायचा. कोऱ्या सोडलेल्या पक्ष्याभोवती मात्र अलगद फिरवावं लागतं, ते नवशिक्याला जमत नाही.

"काय पाहून राहिले?" ती म्हणाली. "डोळा हलवू नका."

"बगळा जाडा काढला तू," मी म्हटलं.

बाटली थांबली. थेंब गालावर पडला.

पदरानं माझा गाल पुसत ती म्हणाली, "पाणी जास्त झालं होतं. मान राहिलीच नाही त्याची."

"कधीपासून करून राहिली हे?"

"बुद्ध पौर्णिमेपासून. तवाचे कार्डही मी सगळ्यांकडून परत आणले, नीट केले आणि देऊन आली. उरलेले काल केले. वर्ध्याचं तेवढं राहिलं."

"सांगितलं काहून नाही?"

"तुमी ब्रश नदीत फेकले असते." ती पलंगाच्या कडेवर बसली. "आणि मग दिवसभर खुर्चीत बसून काय केलं असतं तुमी?"

मला ते दहा दिवस आठवले, खुर्चीतले. आणि मी तिला काय काय म्हणालो होतो ते आठवलं. आंधळा आहे का तो, असं विचारलं होतं मी. मी तिचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, "मीरा, माझं चुकलं." एवढंच बोलता आलं. नव्या डोळ्यातून आधी पाणी आलं, मग जुन्यातूनही.

"रडू नका बापा, डॉक्टरनं मना केलं," म्हणत ती औषधाच्या डब्याकडे उठली.

"कापूस संपला असेल," मी म्हटलं.

"तुमच्यापुरता ठेवला आहे," ती म्हणाली.